कॅनडाच्या पीआरची फाइल हलत नसेल, तर काय करायचं

कॅनडात कायम राहण्याच्या परवानगीची, म्हणजे पीआरची, आमची फाइल पहिले सात महिने ठीक चालली होती. एओआर (अर्ज पोचल्याची पावती) आला, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो) झाले, मेडिकल पास झालं. मग सगळं थांबलं. पुढचे अकरा महिने अकाउंट उघडलं की एकच ओळ दिसायची: तुमच्या अर्जावर काम सुरू आहे. रविवारी घरून फोन यायचा आणि पाचव्या मिनिटाला सासूबाई विचारायच्या, "झालं का गं तुमचं ते?" नाही म्हणायचाही कंटाळा यायला लागला होता.

शेवटी फाइल का अडकली होती ते कळलं, आणि कळल्यावर ती दोन महिन्यांत सुटली. त्या अकरा महिन्यांत आम्ही जे करायला हवं होतं आणि केलं नाही, ते इथे क्रमाने लिहिते आहे. एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या मार्गाने, अर्ज करून वर्क परमिटवर कॅनडात राहणाऱ्यांना हे जास्त लागू पडेल. स्पॉन्सरशिपवाल्यांनाही, म्हणजे कुटुंबातल्या माणसाने बोलावलेल्यांनाही, यातलं बरंच कामाला येईल.

१. खरंच उशीर झालाय का, ते आधी मोजा

आयआरसीसी, म्हणजे कॅनडाचं इमिग्रेशन खातं, दोन वेगळे आकडे देतं. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

पहिला आकडा सर्व्हिस स्टँडर्डचा. ही खात्याने स्वतःला घालून घेतलेली मुदत. एक्सप्रेस एंट्रीसाठी ती ६ महिने आणि नवरा-बायकोच्या स्पॉन्सरशिपसाठी १२ महिने आहे. मात्र ती सगळ्या अर्जांसाठी नाही, ८० टक्के अर्जांसाठी आहे. पाचातला एक अर्ज त्याहून जास्त वेळ घेणार, हे त्यात धरलेलंच असतं.

दुसरा आकडा प्रोसेसिंग टाइमचा, जो वेबसाइटवर दिसतो आणि बदलत राहतो. तो अंदाज आहे. तुमच्या फाइलबद्दल दिलेला शब्द नाही.

दिवस मोजायचे ते अर्ज पूर्ण स्वरूपात पोचला त्या तारखेपासून. एखादा फॉर्म किंवा सही राहिली असेल तर अर्ज परत येतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून एओआरवरची तारीख कुठेतरी ठळक लिहून ठेवा. पुढे कुणाकडेही गेलात तरी पहिला प्रश्न तोच असतो.

"माझ्या नंतर अर्ज केलेल्यांचं झालं" हे मोजमाप सोडून द्या. जो आयुष्यभर एकाच देशात राहिला आणि एकाच कंपनीत होता त्याची फाइल, आणि जो तीन देशांत राहून आला त्याची फाइल, यांना तपासायला सारखा वेळ लागत नाही.

२. फाइल कुठल्या टप्प्यावर थांबली आहे ते शोधा

माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि आम्ही नेमकं तेच केलं नव्हतं. आम्ही फक्त "उशीर होतोय" म्हणत बसलो.

पीआरच्या फाइलवर साधारण या गोष्टी तपासल्या जातात:

- अर्ज पूर्ण आहे का
- बायोमेट्रिक्स
- मेडिकल
- एलिजिबिलिटी, म्हणजे तुम्ही सांगितलेलं शिक्षण, अनुभव, पैसे खरे आहेत का आणि तुम्ही त्या प्रोग्रामच्या अटींत बसता का
- क्रिमिनॅलिटी, म्हणजे पोलीस रेकॉर्ड
- सिक्युरिटी

यातल्या बऱ्याच गोष्टी एकीच्या मागे एक अशा रांगेत चालत नाहीत, शेजारी शेजारी चालतात. त्यामुळे मेडिकल पास झालं म्हणजे अर्धं काम झालं, असं धरू नका.

सिक्युरिटी हा वेगळा विषय आहे. त्यात आयआरसीसीबरोबर कॅनडा बॉर्डर सर्व्हिसेस एजन्सी आणि सीएसआयएस ही गुप्तचर संस्था असते. फाइल त्यांच्याकडे गेली असेल तर आयआरसीसीच्या अधिकाऱ्यालाही तिथलं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. लष्करात किंवा पोलिसांत नोकरी झालेली असेल, सरकारी पदावर काम केलं असेल, बऱ्याच देशांत राहणं झालं असेल, तर या टप्प्याला वेळ लागू शकतो. म्हणून काही काळंबेरं सापडलं, असा अर्थ काढून झोप उडवून घेऊ नका.

ऑनलाइन अकाउंटमध्ये यातलं थोडंच दिसतं. खरं चित्र जीसीएमएस नोट्समध्ये असतं. त्याबद्दल सहाव्या पायरीत.

३. तारखांची वही करा

फाइल लांबली की कागद जुने होतात, आणि जुना कागद फाइलला आणखी लांबवतो. एक साधी वही घ्या, घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक पान करा आणि एवढं लिहा:

- मेडिकलची तारीख. ते तपासणीपासून १२ महिने चालतं.
- पासपोर्ट कधी संपतो.
- वर्क परमिट, स्टडी परमिट किंवा व्हिजिटर रेकॉर्ड कधी संपतं.
- पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) कुठल्या देशाचं, कधी काढलेलं.
- बायोमेट्रिक्स कधी दिले. ते १० वर्षं चालतात, म्हणून याची काळजी कमी.
- एसआयएन (नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर) ९ ने सुरू होत असेल तर त्याची मुदत.
- हेल्थ कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत. काही प्रांतांत ती वर्क परमिटला बांधलेली असते.

मेडिकल संपलं म्हणून आपणहून पुन्हा करून घेऊ नका. खात्याकडून सूचना आल्यावरच पॅनेल डॉक्टरकडे (खात्याने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे) जा. नाहीतर पैसे जातात आणि ते मेडिकल फाइलला जोडलं जाईलच असं नाही.

पासपोर्ट नवीन काढला तर नव्याची आणि जुन्याची, दोन्हींची माहितीची पानं वेबफॉर्मने (खात्याच्या वेबसाइटवरच्या ऑनलाइन फॉर्मने) कळवा. त्याच वेळी नाव तपासा. आपल्याकडे बायकांच्या कागदांवर नावाचा गोंधळ हमखास असतो: मार्कशीटवर माहेरचं नाव, लग्नानंतरच्या पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं. माझे स्वतःचे चार कागद चार तऱ्हेचे होते. मॅरेज सर्टिफिकेट आणि "ही सगळी नावं एकाच व्यक्तीची" असं सांगणारं ॲफिडेव्हिट आधीच लावलं असेल तर तेवढा एक प्रश्न कमी होतो.

४. वर्क परमिट संपू देऊ नका

फाइल उशिरा निघाली तर मनस्ताप होतो. पण परमिट संपलं तर नोकरी जाते आणि देशात राहण्याचा हक्कही जातो. म्हणून ही पायरी सगळ्यात जास्त लक्ष देऊन वाचा.

पीआरचा अर्ज चालू आहे एवढ्यावर कॅनडात राहण्याची किंवा काम करण्याची परवानगी मिळत नाही. हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाला सांगते, आणि दर वेळी कुणीतरी दचकतंच.

परमिट संपण्याच्या आधी मुदतवाढीचा किंवा नव्या परमिटचा अर्ज गेला पाहिजे. तो वेळेत गेला असेल तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येतं आणि काम करता येतं. याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात, पूर्वी इम्प्लाइड स्टेटस म्हणायचे. जुन्या परमिटवर एकाच मालकाचं नाव असेल तर मेंटेन्ड स्टेटसवरही त्याच मालकाकडे काम करायचं, दुसरीकडे नाही. आणि हे संरक्षण कॅनडात राहिलात तर आहे. या काळात देशाबाहेर जायची वेळ आली तर तिकीट काढण्याआधी वकिलाशी बोला.

पीआरचा अर्ज पूर्ण असल्याचं तपासून झालं असेल तर ब्रिजिंग ओपन वर्क परमिटची सोय आहे. एक्सप्रेस एंट्रीच्या मुख्य अर्जदाराला तो मागता येतो. त्यावर मालकाचं नाव नसतं, त्यामुळे नोकरी बदलता येते. पात्र असाल तर परमिट संपायच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

तारीख चुकलीच, तर ९० दिवसांच्या आत स्टेटस रिस्टोअर करायचा अर्ज करता येतो. पण तो मंजूर होईपर्यंत काम करता येत नाही. रोखीत, ओळखीत, "दोनच तास" असंही नाही.

अर्ज केल्याची पावती आणि मिळालं तर खात्याचं पत्र ऑफिसच्या एचआरला आपणहून द्या. त्यांनी विचारेपर्यंत थांबलात तर पगार अडकण्याची वेळ येते.

५. घरात काही बदललं तर लगेच कळवा

लग्न, मूल, घटस्फोट, नोकरी बदलणं, पत्ता बदलणं, हे सगळं वेबफॉर्मने कळवायचं असतं. "आत्ता सांगितलं तर फाइल मागे जाईल" असं सांगणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका.

फाइल चालू असताना लग्न झालं किंवा मूल झालं आणि ते न सांगता पीआर घेतलं, तर ज्या माणसाला सांगितलं नाही आणि ज्याची तपासणी झाली नाही त्याला पुढे फॅमिली क्लासमधून स्पॉन्सर करता येत नाही. कायद्यातलं हे कलम फार कठोर आहे. घाईने पीआर घेतल्यावर बायकोला आणता येईना, अशी माणसं आहेत. मूल किंवा जोडीदार जोडल्याने दोनचार महिने वाढतील, वाढू देत. शिवाय माहिती लपवल्याचं सिद्ध झालं तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते.

मुलांच्या वयाची काळजी करणाऱ्यांसाठी: अवलंबून असलेलं मूल म्हणजे २२ वर्षांच्या आतलं, लग्न न झालेलं. एक्सप्रेस एंट्रीत पीआरचा पूर्ण अर्ज पोचला त्या दिवशीचं वय धरतात. त्यानंतर फाइल लांबली आणि मुलाची २२ वर्षं पूर्ण झाली, तरी ते अर्जातून बाहेर पडत नाही. पण मध्येच त्याचं लग्न झालं तर पडतं.

६. जीसीएमएस नोट्स मागवा

जीसीएमएस ही खात्याची आतली संगणक प्रणाली. तुमच्या फाइलवर कुणी कधी काय लिहिलं ते त्यात असतं, आणि ते मागण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे.

कॅनडात असाल तर ॲक्सेस टू इन्फर्मेशन कायद्याखाली ऑनलाइन अर्ज करा. फी ५ डॉलर. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, पण खातं मुदत वाढवून घेऊ शकतं. प्रायव्हसी कायद्याखाली मागितल्या तर फी नाही, आणि तो मार्ग कॅनडाबाहेरच्या अर्जदारांनाही खुला आहे. हे तुम्ही स्वतः करू शकता. यासाठी शंभर-दोनशे डॉलर मागणारा माणूस फक्त तोच फॉर्म भरून देतो.

उत्तर म्हणून एक लांबलचक पीडीएफ येतं. घाबरू नका, सगळं वाचायची गरज नाही. आधी एलिजिबिलिटी, क्रिमिनॅलिटी, सिक्युरिटी आणि मेडिकल यांच्यासमोर काय लिहिलंय ते बघा: सुरू झालं नाही, चालू आहे, की पास. मग अधिकाऱ्यांच्या टिपा तारखेप्रमाणे वाचा, आणि पाठवलेल्या पत्रांची यादी बघा. काही ओळी झाकलेल्या असतील, विशेषतः सुरक्षेच्या भागात. ते नेहमीचंच आहे.

आमच्या नोट्समध्ये तेविसाव्या पानावर एक ओळ होती. नवऱ्याने पूर्वी नोकरी केलेल्या एका आखाती देशाचं पीसीसी मागणारं पत्र पाठवलेलं होतं. मुदत ३० दिवस. पुढे उत्तराची नोंद नाही. पत्राची तारीख दहा महिन्यांपूर्वीची होती. ते पत्र आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, कारण अर्ज एका इमिग्रेशन कन्सल्टंटच्या हातून केला होता आणि एकदा प्रतिनिधी नेमला की खात्याचा पत्रव्यवहार त्याच्याशी होतो. त्याने दरम्यान ऑफिस बंद केलं होतं. आमचं पत्र त्याच्या ईमेलमध्ये पडून होतं.

ते पान वाचून नवरा उठून गॅलरीत गेला, आणि बराच वेळ आत आला नाही.

मुदत उलटून गेली तर आहे त्या कागदांवर निर्णय होऊन अर्ज नामंजूरही होऊ शकतो. आमचा अजून उघडा होता. त्याच रात्री आयएमएम ५४७६ हा फॉर्म भरून प्रतिनिधी रद्द केला, स्वतःचा ईमेल दिला, आणि त्या देशाच्या पीसीसीसाठी धावपळ सुरू केली. म्हणून तुमच्या अर्जावर प्रतिनिधी असेल तर त्याला आजच विचारा: खात्याकडून आलेलं प्रत्येक पत्र मला दाखव. आणि स्वतः अर्ज केला असेल तर ईमेलचं स्पॅम फोल्डर रोज बघा. कागद मागणाऱ्या पत्रांची मुदत कधी कधी ७ दिवसांचीही असते.

७. वेबफॉर्म नीट लिहा

"प्लीज अपडेट द्या, खूप महिने झाले" असं लिहिलं की ठोकळेबाज उत्तर येतं. वाचणाऱ्याला एक ठरावीक काम करता येईल असं लिहा, इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, आणि थोडक्यात:

- पहिल्या ओळीत पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक, यूसीआय क्रमांक (खात्याने तुम्हाला दिलेला ओळख क्रमांक).
- दुसऱ्या ओळीत एओआरची तारीख, आणि आज किती महिने झाले.
- मग नेमकी गोष्ट: "अमुक तारखेच्या नोट्सप्रमाणे मेडिकलची मुदत संपली आहे, नवीन सूचना पाठवाव्यात" किंवा "अमुक पत्राचं उत्तर सोबत जोडलं आहे".
- जोडलेल्या कागदांची यादी.

दर आठवड्याला नवा वेबफॉर्म टाकू नका. नवीन माहिती असेल तेव्हाच लिहा, आणि आलेलं उत्तर तारखेसह जपून ठेवा. पुढे कोर्टात जावं लागलं तर "आम्ही वेळोवेळी विचारलं" याचा तोच पुरावा असतो.

८. खासदाराच्या ऑफिसला भेटा

तुम्ही जिथे राहता तिथल्या फेडरल खासदाराच्या मतदारसंघातल्या ऑफिसात इमिग्रेशनची कामं बघणारे कर्मचारी असतात. मतदार असण्याची अट नाही, त्या भागात राहत असलात की झालं. ते तुमच्याकडून संमतीचा फॉर्म भरून घेतात आणि खात्याकडे थेट चौकशी करतात. पैसे लागत नाहीत.

त्यांच्याकडून रांग मोडण्याची अपेक्षा ठेवू नका. ते फाइलची स्थिती विचारू शकतात, हरवलेला कागद नजरेला आणू शकतात. जाताना एका पानावर तारखा लिहून न्या. आम्ही नोट्सची ती एकच प्रिंट, एओआर आणि वेबफॉर्मची उत्तरं घेऊन गेलो होतो. समोरच्या बाईंना दहा मिनिटांत सगळं समजलं आणि पीसीसी फाइलवर पोचल्याचं त्यांनीच आम्हाला आठवड्याभरात कळवलं.

९. मँडामस: शेवटचा रस्ता

सगळं करून झालं, तुमच्याकडून काहीही बाकी नाही आणि तरीही फाइल हलत नाही, तर फेडरल कोर्टाकडे मँडामस मागता येतो. कोर्ट खात्याला "निर्णय घ्या" असं सांगू शकतं. "मंजूर करा" असं सांगत नाही. नामंजुरीही येऊ शकते, हे मनात ठेवूनच तिकडे जा.

उशीर अवाजवी आहे का हे बघताना कोर्ट साधारण तीन गोष्टी तपासतं: या प्रकारच्या कामाला सहसा लागतो त्यापेक्षा जास्त वेळ गेलाय का, उशिराला अर्जदार किंवा त्याचा वकील जबाबदार नाही ना, आणि खात्याने समाधानकारक कारण दिलंय का. दुसरा मुद्दा नीट वाचा. पत्राला उत्तरच दिलेलं नसेल, तर आमच्यासारख्यांची केस तिथेच पडली असती.

कोर्टाची फी ५० डॉलर आहे, खरा खर्च वकिलाचा. आधी कोर्टाची परवानगी लागते. ती मिळाली तर सुनावणी ३० ते ९० दिवसांच्या दरम्यान लागते. बऱ्याच वकिलांचा रिवाज असा की आधी खात्याला मुदत देणारं एक पत्र पाठवायचं. त्या पत्रावरच काही फाइली हलतात.

१०. या काळात टाळायच्या गोष्टी

- "आत ओळख आहे" म्हणणारा माणूस. पैसे घेऊन सल्ला देण्याचा हक्क वकिलांना, क्युबेकमधल्या नोटरींना, ऑन्टारियोतल्या परवानाधारक पॅरालीगलना आणि परवानाधारक कन्सल्टंटना आहे. कन्सल्टंटचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत शोधा. २०२१ पासून हीच नियामक संस्था आहे. पैसे देण्याआधी शोधा.
- घाबरून पहिला अर्ज मागे घेणं. गेलेले महिने परत मिळत नाहीत.
- पीआर येणारच म्हणून घराचं बुकिंग, नोकरीचा राजीनामा, घरच्या लग्नाची तिकिटं.
- दिवसातून वीस वेळा अकाउंट उघडणं. आम्ही शेवटी मंगळवार आणि शुक्रवार ठरवून टाकले. बाकी दिवशी फक्त ईमेल.

११. मेल आल्यावर

कॅनडात असाल तर शेवटी पीआर पोर्टलचा मेल येतो. तिथे देशात असल्याचं सांगायचं, पत्ता द्यायचा, फोटो टाकायचा, आणि मग ई-सीओपीआर (पीआर मिळाल्याचा अधिकृत कागद, ऑनलाइन स्वरूपात) मिळतं. आमचा मेल अठराव्या नाही, विसाव्या महिन्यात आला.

घाई करू नका. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. चूक असेल तर तिथेच कळवा. नंतर दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. देशाबाहेर असाल तर सीओपीआरवरची अंतिम तारीख बघा. ती बहुधा मेडिकल किंवा पासपोर्टच्या मुदतीला बांधलेली असते, वाढवून मिळत नाही, आणि त्याआधी कॅनडात उतरावं लागतं.

आणि घरी जायचं तिकीट पीआर कार्ड पोस्टाने हातात पडल्यावरच काढा. कार्ड नसताना बाहेर गेलात तर परतीच्या विमानात बसायला पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट लागतं, म्हणजे तिथे जाऊन आणखी एक अर्ज आणि आणखी एक वाट पाहणं.